विमान घरी बांधता येतं

मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात, माणसं राहतात अशा एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान तयार झालं. ते बांधलं कॅप्टन अमोल यादव यांनी. मूळचे सातारा जिल्ह्यातले, वैमानिकाचं शिक्षण अमेरिकेत, नोकरी तेव्हा जेट एअरवेजमध्ये. १९९८ पासून त्यांनी विमान बांधायचा ध्यास घेतला होता. आधीची दोन विमानं आकाशापर्यंत पोहोचली नाहीत. तिसरं त्यांनी गच्चीवर बांधायला घेतलं आणि त्याला टीएसी-००३ असं नाव दिलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते सुटं करून क्रेननं खाली उतरवलं आणि तिथं पुन्हा जोडून लोकांसमोर उभं केलं.

गच्चीवर विमान म्हटलं की लोकांना पहिला प्रश्न पडतो, तो खाली कसं आणणार हा. मला त्याहून मोठं नवल वाटतं ते याचं, की घरच्या जागेत, दोन हातांनी, जीव सोपवता येईल असं यंत्र मुळात होतंच कसं? उत्तर शोधत गेलं की फार आनंदाची गोष्ट हाती लागते. विमानात गूढ असं काही नसतं. असतात ती हजारो छोटी कामं. त्यातलं प्रत्येक काम एका माणसाला करता येतं आणि दुसऱ्याला तपासता येतं.

खरं तर विमानाचा जन्मच घरगुती कारागिरीतून झाला. राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. त्यांचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत घडवलं. ताकद बारा अश्वशक्तीच्या आसपास. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंद टिकलं. पुढे १९१० मध्ये सांतोस-द्युमाँ यांच्या ‘देमुआझेल’ या चिमुकल्या विमानाचे आराखडे ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात छापून आले. ज्याला हवं त्यानं बांधावं, अशी त्यांची इच्छा होती. अमेरिकेत पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये घरी विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली. तिचा मेळावा १९७० पासून विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी भरतो. आता जुलैअखेरच्या त्या एका आठवड्यात तिथं सुमारे दहा हजार विमानं उतरतात, आणि त्यातली कितीतरी कुणाच्या तरी गॅरेजात जन्मलेली असतात.

खोक्यातून काय येतं

घरी विमान बांधायच्या तीन वाटा आहेत. पहिली सर्वांत अवघड: आराखडाही स्वतःचाच. यादवांनी ती धरली. दुसरी, कुणाचे तरी सिद्ध झालेले आराखडे विकत घेऊन सगळे भाग स्वतः कापायचे. तिसरी वाट किटची. पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून खोक्यात भरून येतात. जोडायचं आपण.

ही तिसरी वाट नीट समजावी म्हणून ती आपल्या ओळखीच्या जागी आणून पाहू. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, राजोडी आणि निर्मळच्या शेजारी कळंब आहे. सुरूची झाडं, लांब पसरलेली पुळण, मागे नारळ-केळीच्या वाड्या. समजा, इथल्या एखाद्या घरामागे पत्र्याची शेड आहे. दोन आसनी किट विमानाची लांबी सहा-सात मीटर आणि पंखांचा पसारा सात-आठ मीटर असतो. पण पंख अगदी शेवटी बसवायचे असल्यामुळे टेम्पो मावेल एवढी शेड पुरते. हा किनारा अशा कामाला परका नाही. वसई आणि सातपाटीच्या मचव्यांची स्वतःची बनावट आहे आणि मच्छीमारीच्या अभ्यासात ती त्या गावांच्या नावांनीच ओळखली जाते. ज्या होडीत घरचा माणूस समुद्रावर जाणार, ती होडी गावातच, ओळखीच्या सुताराच्या हातून, डोळ्यांसमोर उभी राहायची. विमानाचं किट म्हणजे हाच विश्वास पत्र्यात उतरवणं.

किट एकदम घ्यावं लागत नाही. बहुतेक कंपन्या ते टप्प्याटप्प्यानं देतात: आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग चाकं-काचा-आसनं. इंजिन, प्रोपेलर आणि डॅशबोर्डावरची उपकरणं वेगळी घ्यायची. शेपटापासून सुरुवात करण्यात मोठं शहाणपण आहे. शेपूट लहान असतं, तरी त्यात पुढं लागणारं जवळजवळ प्रत्येक कौशल्य असतं. एखादा पत्रा बिघडला, तर नवा मागवायला फार पैसे पडत नाहीत. आणि हे काम आपल्याच्यानं होईल का, याचा अंदाज काही महिन्यांत येतो.

या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी ती १९७० च्या दशकात सुरू केली. तिच्या किटांतून लोकांनी बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमानं आजवर उडाली आहेत. या यशामागे एक साधी वाटणारी सुधारणा आहे. पूर्वी विमानाचा सांगाडा सरळ राहावा म्हणून आधी लाकडाचा किंवा लोखंडाचा मोठा साचा उभा करावा लागे. आता संगणकावर चालणारं यंत्र पत्र्यांतली भोकं इतकी अचूक पाडतं, की दोन पत्र्यांची भोकं जुळली की विमान आपोआप सरळ येतं. माप भोकांतच साठवलेलं असतं. तरीसुद्धा काम उरतंच. साध्या किटला दीड ते अडीच हजार तास लागतात. रोज दोन तास दिले, तर दोन ते साडेतीन वर्षं.

आणि किट फक्त परदेशातूनच येतं असंही नाही. बंगळूरच्या राज हंस अल्ट्रालाइट्स या कंपनीनं ‘एक्स-एअर’ नावाच्या हलक्या विमानाची किटं बनवली, आणि ती युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी घरी जोडून उडवली.

एक रिव्हेट

विमानाचा पत्रा वेल्डिंगनं का जोडत नाहीत? याचं उत्तर धातूच्या पोटात आहे. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म यांनी अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळलं, मिश्रधातू तापवून पाण्यात विझवला आणि त्याचा कठीणपणा मोजला. काही दिवसांनी पुन्हा मोजला, तर तो वाढला होता! कुणी हात न लावता, नुसता पडून असताना धातू बळकट झाला होता. आत अणूंच्या पातळीवर तांब्याचे अतिसूक्ष्म पुंजके जमत होते आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नव्हते. त्यातूनच ड्युरॅल्युमिन आलं आणि विमानाला लाकूड-कापडाच्या पलीकडे जाता आलं. आजचा विमानाचा पत्रा त्याच घराण्यातला. वेल्डिंगच्या आचेनं ही आतली घडण मोडते आणि सांध्याजवळचा पत्रा मऊ पडतो. म्हणून रिव्हेट.

एक रिव्हेट जवळून पाहू. ३.२ मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची छोटी दांडी, एका टोकाला गोल टोपी. टोपीच्या मधोमध सुईनं टोचल्यासारखा एक खळगा. तो खळगा म्हणजे धातूची ओळख. कोणत्या मिश्रधातूचा रिव्हेट आहे, हे त्यावरून कळतं. पत्रे एकमेकांवर ठेवून क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना भोकांत अडकवतात. या मापाच्या पिना तांबूस असतात आणि अर्धवट झालेला पंख त्या तांबूस ठिपक्यांनी भरून जातो. मग एक एक पिन काढायची, त्या जागी रिव्हेट घालायचा. बाहेरून एकजण रिव्हेटगन टोपीवर धरतो. आतून दुसरा, खांद्यापर्यंत हात पंखात घालून, दांडीच्या टोकाला पोलादाचा जड ठोकळा टेकवतो. गन धडधडते आणि दोन-तीन सेकंदांत दांडीचं टोक ठोकळ्यावर चेपून चपटं होतं.

ते चपटं टोक किती रुंद हवं, किती उंच हवं, याचा नियम आहे. रुंदी दांडीच्या दीडपट, उंची निम्मी. म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटला साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच. त्यासाठी छोटी मापपट्टी असते. ती लावायची आणि पुढं जायचं. माप चुकलं, तर रिव्हेटची टोपी हलक्या हातानं ड्रिल करून तो काढायचा आणि दुसरा मारायचा. एका विमानात असे दहा-पंधरा हजार रिव्हेट असतात.

रिव्हेटच्याही आधी एक काम असतं, आणि नवख्याला ते सर्वांत कंटाळवाणं वाटतं. ड्रिल केलेल्या प्रत्येक भोकाची आणि कापलेल्या प्रत्येक पत्र्याची कड गुळगुळीत करायची. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवेल एवढी ती खरखर. पण पंख हवेत सतत थरथरतो, वर-खाली लवतो. प्रत्येक लवण्याबरोबर पत्र्यातला ताण त्या खरखरीच्या टोकाशी एकवटतो आणि तिथूनच केसाएवढी चीर निघते. १९५४ मध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेत फुटली. तपासात दिसलं, की वरच्या हवेत जाताना-येताना पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबानं झरोक्यांच्या कोपऱ्यांशी आणि भोकांच्या कडांशी धातू थकला होता. धातूही थकतो, हे जगाला त्या तपासानं पटवलं. घरी विमान बांधणारा कानस घेऊन संध्याकाळभर कडा घासत बसतो, त्यामागे ही कहाणी आहे.

खारा वारा

कळंबला हे काम करणाऱ्याला एक गोष्ट ऑरेगनवाल्यापेक्षा जास्त सांभाळावी लागेल. इथं खिडकीचे गज एका पावसाळ्यात फुगतात, सायकलची साखळी पंधरा दिवसांत लाल होते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात, आणि मिठाशी विमानाच्या पत्र्याचं वैर आहे.

अ‍ॅल्युमिनियम स्वतःचं रक्षण फार सुंदर करतं. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर येतो आणि पुढचं गंजणं थांबतं. पण मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी भेदतं आणि आत सूक्ष्म खड्डे पडत जातात. ज्या तांब्यामुळे मिश्रधातू बळकट झाला, त्याच तांब्यामुळे तो मिठापुढे हळवाही झालेला असतो. यावर उपाय शोधणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. बळकट पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर लाटून चिकटवतात. ताकद मधल्या थराची, राखण बाहेरच्या थराची. ओरखडा पडून मधला थर उघडा पडला, तरी शेजारचा शुद्ध थर आधी झिजतो आणि त्याला वाचवतो. त्यावर आतून प्रायमर द्यायचा, विशेषतः जिथं दोन पत्रे एकमेकांवर बसतात तिथं. ओल सर्वांत जास्त टिकते ती अशाच फटींत.

विमानाचे बोल्ट हातात घेतले, तर ते सोनेरी दिसतात. ती सजावट नाही. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं, की त्यांची चक्क बॅटरी तयार होते. वीज वाहू लागते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. म्हणून पोलादी बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढवतात. कॅडमियमचा विद्युत स्वभाव अ‍ॅल्युमिनियमच्या जवळचा असल्यानं दोघांतली ओढाताण जवळपास मिटते. सोनेरी छटा त्या मुलाम्यावरच्या रासायनिक प्रक्रियेची.

विमान फोम, काचेचं कापड आणि इपॉक्सी यांचं बांधायचं ठरवलं, तरी पावसाळा आडवा येतो. ही पद्धत बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात ‘व्हॅरीईझी’ विमानानं लोकप्रिय केली. फोमचा ठोकळा तापलेल्या तारेनं पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचेचं कापड पसरून इपॉक्सी भरायचं. पण दमट हवेत काही इपॉक्सींवर मेणासारखा तवंग येतो. तो न धुता वरचा थर दिला, तर थर नीट चिकटत नाहीत. जून ते सप्टेंबर कळंबच्या शेडमध्ये पत्र्याचं काम करावं, इपॉक्सीचं काम कोरड्या हिवाळ्यासाठी राखावं.

हवेचा एक टक्का

एवढ्या मेहनतीनं बांधलेला पंख करतो काय? हवेला आपण काहीच वजन नाही असं समजतो. बारा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतली हवा चाळीस किलोच्या आसपास भरते. ही हवा पृथ्वीवरच्या प्रत्येक वस्तूला दाबत असते: समुद्रकाठी दर चौरस मीटरला सुमारे दहा हजार किलो वजनाइतकी. पंख हवेतून पुढं जातो, तेव्हा तो हवेचा प्रवाह खाली वळवतो. तसं होताना पंखावरचा दाब थोडा घटतो, खालचा थोडा वाढतो.

किती थोडा, ते पाहण्यासारखं आहे. माणसं आणि पेट्रोल धरून आठशे किलोचं दोन आसनी विमान घ्या, पंखांचं क्षेत्रफळ दहा चौरस मीटर. दर चौरस मीटरला ऐंशी किलो उचलायचे. दहा हजारांतले ऐंशी! म्हणजे वरच्या आणि खालच्या दाबात एक टक्क्याहूनही कमी फरक पाडला, की विमान हवेत तरंगतं. ज्या हवेत आपण जन्मभर श्वास घेतो, तिच्या ताकदीचा एवढासा अंश वापरला की माणूस उडतो. हे गणित मला कधीच जुनं होत नाही.

हा फरक वेगानं वाढतो, तोही वर्गानं. वेग दुप्पट, तर उचल चौपट. म्हणून धावपट्टीवर वेग घ्यावा लागतो. आणि पंखाचा कोन वाढवत नेला, तर पंधरा अंशांच्या आसपास वरच्या बाजूची हवा पंखाला धरून वाहणं सोडते आणि उचल कोसळते. त्यापुढं पंख कितीही सुबक असला तरी चालत नाही. म्हणून प्रत्येक वैमानिकाला हा क्षण ओळखायला आणि त्यातून बाहेर यायला आधी शिकवतात.

हाताला न दिसणारं

घरगुती विमानांच्या इतिहासातलं सर्वांत मोठं शिक्षण एका फ्रेंच माणसाच्या विमानातून मिळालं. ऑन्री मिन्ये यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘पू द्यू सिएल’, शब्दशः आकाशातली ऊ, इंग्रजांच्या तोंडी पिसू, हे विमान तयार केलं आणि ते कसं बांधावं याचं पुस्तक लिहिलं. ज्याला खोकं ठोकता येतं, त्याला विमान बांधता येईल, अशी त्यांची धारणा होती. फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये लोक वेडे झाले. घराघरांत पिसवा आकार घेऊ लागल्या. मग १९३५ आणि १९३६ मध्ये जीवघेणे अपघात होऊ लागले. विमान खाली झुकायचं आणि परत वर यायचंच नाही.

शेवटी इंग्लंडमधल्या फार्नबरोत आणि फ्रान्समध्ये अख्खं विमान वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं. या विमानाला एकामागे एक असे दोन पंख होते. एका ठरावीक कोनापलीकडे नाक झुकलं, की दोन पंखांमधल्या फटीतून जाणारा वारा मागच्या पंखाची उचल वाढवी आणि नाक आणखी खाली दाबलं जाई. वैमानिकानं दांडा कितीही ओढला तरी उपयोग नव्हता. बांधणाऱ्यांचे हात चुकले नव्हते. दोष आराखड्यात होता आणि तो डोळ्यांना दिसणारा नव्हता.

म्हणूनच आज किट विकणारी कंपनी आधी स्वतःचं विमान उडवून पाहते, पंख उलटा ठेवून त्यावर वाळूच्या गोण्या रचून तो किती भार सोसतो ते बघते. साध्या वर्गातल्या विमानाचा पंख विमानाच्या वजनाच्या ३.८ पट भार बिघाड न होता पेलेल असा असावा लागतो. कसरतीच्या विमानाचा ६ पट. किटवाल्याला हे आयतं मिळतं. स्वतःचा आराखडा घेऊन निघालेल्या माणसाला हे सगळं स्वतः सिद्ध करावं लागतं. यादवांनी केलेलं काम किती कठीण होतं, हे इथं कळतं.

तसाच आणखी एक अदृश्य शत्रू म्हणजे वजनाचा तोल. विमान पूर्ण झालं, की तिन्ही चाकांखाली तीन काटे ठेवून ते तोलतात. प्रत्येक चाकावरचं वजन आणि त्याचं नाकापासूनचं अंतर यांचा गुणाकार करून गुरुत्वमध्य कुठं येतो ते काढतात. तो आखून दिलेल्या काही इंचांच्या पट्ट्यात असला पाहिजे. पट्ट्याच्या मागं गेला, तर विमान शेपटावर बसू पाहतं आणि वेग मंदावल्यावर आवरत नाही. रंगाचा जादा हात, मागच्या बाजूचं थोडं जड सामान यांनीही हा मध्य सरकतो. म्हणून रंग दिल्यावर विमान पुन्हा तोलतात.

इंजिन मात्र सहसा कुणी घरी बनवत नाही. लायकमिंग किंवा रोटॅक्ससारख्या कंपन्यांचं घेतात. त्यातली एक योजना मला फार आवडते. प्रत्येक सिलिंडरला दोन ठिणग्या आणि त्या देणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा. जुन्या धाटणीच्या इंजिनांत या यंत्रणा मॅग्नेटोच्या असतात. इंजिन फिरतं तेव्हा त्या स्वतःच वीज तयार करतात. बॅटरी मेली, अल्टरनेटर बंद पडला, दोहोंपैकी एक मॅग्नेटो गेला, तरी इंजिन चालत राहतं. उड्डाणाआधी वैमानिक दोन्ही आळीपाळीनं बंद करून दोन्ही जिवंत आहेत ना, हे पाहतो.

धुळ्याची धावपट्टी

कळंबची ओली, कडक पुळण पाहून वाटेल, की धावपट्टी तर दारातच आहे. या किनाऱ्याला तसा इतिहासही आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ या लहानशा विमानातून जुहूला उतरले, तेव्हा जुहूचं मैदान कच्चंच होतं. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई आणि विमानसेवेला पुण्याचा आसरा घ्यावा लागे. पण आज पुळणीवरून परवानगीवाचून उडणं कायद्यात बसत नाही, आणि खाऱ्या चिखलाचे शिंतोडे विमानाच्या पोटात घालणं शहाणपणाचंही नाही. कळंबच्या शेडमधलं विमान पंख काढून ट्रकवर चढवावं लागेल आणि धावपट्टीपाशी पुन्हा जोडावं लागेल.

त्याआधी कागद. अमेरिकेत नियम असा, की बांधणीतली निम्म्याहून अधिक कामं हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेली हवीत. त्यानंतर विमान ‘प्रायोगिक’ वर्गात नोंदलं जातं आणि सुरुवातीच्या ठरावीक चाचणी-तासांत ते फक्त नेमून दिलेल्या भागात उडवता येतं. इंग्लंडमध्ये केरळच्या एका इंजिनिअरनं कोविडच्या टाळेबंदीच्या काळात दक्षिण आफ्रिकेहून आलेलं चार आसनी स्लिंग विमानाचं किट घराजवळच्या शेडमध्ये जोडलं. तिथल्या नियमांनुसार तपासण्या करून घेतल्या आणि २०२२ मध्ये आपलं कुटुंब त्यात बसवून युरोपात फिरवलं.

आपल्याकडे यादवांना नोंदणीसाठी अनेक वर्षं झगडावं लागलं. राज्य सरकारनं लक्ष घातलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमानाची नोंद केली. नोंदणीची अक्षरं व्हीटी-एनएमडी. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून ती निवडल्याचं यादवांनी सांगितलं. उड्डाण-चाचणीची परवानगी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते विमान हवेत गेलं. १९९८ ते २०२०: बावीस वर्षं.

पुढची शेड

फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारनं यादवांच्या कंपनीशी करार केला. पालघर जिल्ह्यात सुमारे १५७ एकर जागा देऊन तिथं विमानांचा कारखाना उभा करायचा, असं त्यात ठरलं होतं. पालघरचं नाव त्यात यावं हे मला योग्य वाटतं, कारण या जिल्ह्याच्या हातांत ते काम आहे. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली भागातल्या गाळ्यांमध्ये पत्रा वाकवणारे, डाय बनवणारे, संगणकी यंत्रांवर माप धरणारे कारागीर रोज कामाला बसतात. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत इंजिन समुद्रात बंद पडू नये म्हणून ते कसं जपायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेलं आहे.

कारखान्याआधीही एक गोष्ट करता येईल. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांनी, अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली, किट विमानं बांधून उडण्याजोगी केली आहेत. वसई-विरारमधल्या एखाद्या आयटीआयनं किंवा इंजिनिअरिंग कॉलेजनं फक्त शेपटाचं किट आणावं. एका मुलानं रिव्हेट मारावा, एका मुलीनं मापपट्टी लावावी, चुकला तर दोघांनी मिळून काढावा, आणि प्रत्येक तपासणी वहीत तारखेसह लिहावी. त्यातल्या किती जणांच्या हातून पुढं विमान पूर्ण होईल, हा प्रश्न नंतरचा. पण आपण ज्याच्या हाती जीव सोपवतो, त्या यंत्रावरचा विश्वास कुठून येतो, हे त्या मुलांना पुस्तकाविना कळेल: तो एका एका सांध्यातून, कुणीतरी मन लावून केलेल्या आणि दुसऱ्या कुणीतरी मन लावून तपासलेल्या कामातून येतो. मग पूल असो, होडी असो, गिरणीचं यंत्र असो, त्या मुलांचा हात वेगळाच पडेल. अशा शेडसाठी पहिल्या दिवशी लागतं ते फार थोडं: हातभर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, एक कानस आणि कड गुळगुळीत होईपर्यंत थांबायची तयारी.